पाणी तपासायची पेटी: आमच्या हापशीपुरतं मत

जलजीवन मिशनात गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवतात. आमच्या गावातल्या पाचांत मी. तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ. पेटी माझ्याच घरी असते, ज्वारीच्या कोठीवर.

पेटीत बरंच काही आहे, पण इकडे कामाची तपासणी एकच, फ्लोराइडची, म्हणजे जास्त झालं की दात-हाडं बिघडवणाऱ्या क्षाराची. नळीत खुणेपर्यंत पाणी, वरून औषधाचे थेंब, हलवायचं आणि कार्डावरच्या रंगाशी लावून पाहायचं. फ्लोराइड नसलं तर रंग गुलाबी राहते, जास्त असलं की पिवळा पडते. शाळेजवळच्या हापशीचं पाणी गावात सगळ्यांत गोड. नळी पिवळीधम्मक! सासूबाई म्हणाल्या, "तुह्या डब्यालेच काही झालं असंन. उकळून घेऊ, मंग काय होते?" उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटते आणि ते उलट वाढते. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत बरं, दुसरी सोयच नसली तर 1.5 पर्यंत.

शेजारच्या भाऊजींनी टीडीएसचा पेन आणला. त्यात आकडा 380, म्हणून ते खूश. पण तो पेन विरघळलेल्या क्षारांचा ढोबळ अंदाज सांगते. त्यात फ्लोराइड किती, ते नाही.

माझा भाचा नागपूरला फिजिक्स शिकते. त्यानं न्यूट्रॉननं, म्हणजे अणूतल्या बारीक कणानं, पाणी तपासायचं सांगितलं. पाण्यावर न्यूट्रॉन सोडले की अणूचं केंद्रक ते गिळते आणि गॅमा किरण टाकते. ज्याचा त्याचा किरण ठरलेला, त्यावरून मूलद्रव्य ओळखायचं. थेंब नको, कार्ड नको. पारा, कॅडमियम, क्लोरीन छान सापडते म्हणे. मिठात क्लोरीन असते, म्हणून अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात चाललं असतं. मी विचारलं, "अन् फ्लोराइड?" तो हसला. फ्लोरीन न्यूट्रॉन गिळतच नाही म्हटलं तरी चालते, क्लोरीनपेक्षा हजारो पटींनी कमी. वर न्यूट्रॉनचा स्रोत सांभाळायला जाड आडोसा लागते. एवढा खटाटोप, अन् आमच्याच दुखण्याले आंधळा!

पेटीचे दोष सांगते. 1 आणि 1.5 च्या रंगांत फरक इतका कमी, की बल्बखाली दोघींचे दोन आकडे येतात. सकाळी अंगणातच पाहावं. औषधाची बाटली संपली तर दुसरी यायला दोन महिने लागले, तोवर पेटी नुसती कोठीवर. शंका वाटली की नमुना लॅबला पाठवतोच.

पाचपैकी साडेतीन गुण. हापशीला लाल रंग दिला आहे. सासूबाई अजूनही तिथूनच पाणी आणतात, पण भांड्यांसाठी.