लंडनचा पगार की मँचेस्टरचं घर?

मिरजेला नर्सिंगला माझ्या दोन-तीन बॅच मागे असलेल्या एका मुलीने परवा व्हॉट्सॲपवर दोन ऑफर लेटर पाठवली. एक लंडनच्या हॉस्पिटलचं, दुसरं मँचेस्टरच्या. खाली एकच ओळ: "ताई, लंडनवाले सहा हजार पौंड जास्त देतायत, मग विचार कसला करायचा?"

सहा हजार पौंड म्हणजे सात लाखांच्या घरात. मिरजेत बसून तो आकडा वाचला की पुढचं काही दिसत नाही. मलाही २०१९ मध्ये दिसलं नव्हतं. तीन वर्षं लंडनला काढली, आता सॅलफर्डला राहते, म्हणजे मँचेस्टरच्या अगदी कुशीत. तेव्हा माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकते.

दोन्ही नोकऱ्या एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, आणि दोन्ही बँड ५ च्या, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीच्या. २०२५-२६ च्या श्रेणीत बँड ५ सुरू होतो ३१,०४९ पौंडांवर, मग तुम्ही मँचेस्टरला असा की कॉर्नवॉलला. लंडनच्या मध्यभागातल्या हॉस्पिटलांत त्यावर २० टक्के जास्त मिळतात, आपल्या सरकारी नोकरीतल्या घरभाडे भत्त्यासारखे. म्हणजे ३७,२५९. (नर्सिंगची इथली परीक्षा पास होऊन नोंदणी होईपर्यंत पगार खालच्या बँडचा असतो, ते दोन्हीकडे सारखंच.) फरक महिन्याला ५१७ पौंडांचा. त्यातून कर, राष्ट्रीय विमा आणि पेन्शन कापलं जातं. पगार वाढला की पेन्शनचा टक्काही वाढतो. हातात पडतात मँचेस्टरला साधारण १,९८० आणि लंडनला २,२८०. खरा फरक तीनशेचा.

या तीनशेत लंडनचं घर बसतं का, एवढाच प्रश्न आहे.

घर

२०२५ मध्ये लंडनचं सरासरी घरभाडं महिन्याला २,२०० पौंडांच्या वर होतं, मँचेस्टर शहराचं १,३०० च्या आसपास. आपल्यासारखे लोक सरासरी घरात राहत नाहीत, म्हणून खालचे भाव सांगते. लंडनच्या वेम्बली-हॅरो उपनगरांकडे एका बेडरूमचा फ्लॅट १,५०० च्या आत मिळाला तर नशीब समजा. मँचेस्टरच्या उपनगरांत तसाच फ्लॅट ९०० ते ९५० ला मिळतो. नुसती खोली, स्वयंपाकघर-बाथरूम चौघांत, अशी लंडनला साडेआठशे ते हजार, इकडे सहाशे-सातशे.

पण भाडं परवडतं की नाही हे तुम्ही ठरवायच्या आधी एजंट ठरवतो. त्याचा ठोकताळा असा: वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा. ९५० च्या फ्लॅटला २८,५००. मँचेस्टरच्या ३१,०४९ वर तुम्ही पास. १,५०० च्या फ्लॅटला ४५,०००. लंडनचा जास्तीचा पगार धरूनही तुम्ही नापास, आणि तेही जवळजवळ आठ हजारांनी.

नापास झालात की जामीनदार मागतात. पतसंस्थेत कर्ज काढताना निदान शेजारचा मास्तर सही करतो. इथे जामीनदार ब्रिटनमध्येच राहणारा लागतो, आणि त्याचा पगार तुमच्यापेक्षा बराच जास्त असावा लागतो किंवा स्वतःचं घर असावं लागतं. विमानातून कालच उतरलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? याला दुसरा रस्ता होता, सहा महिन्यांचं भाडं एकरकमी भरायचं. मी तेच केलं होतं, भावाने मिरजेत सोनं गहाण टाकलं तेव्हा. पण १ मे २०२६ पासून इंग्लंडच्या नव्या भाडेकरू कायद्याने एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं घ्यायला बंदी आहे. कायदा भाडेकरूच्या भल्याचा आहे, विनाकारण घर खाली करायला लावणंही त्यानेच बंद केलं. पण ज्याच्याकडे ना पगाराचा आकडा ना जामीनदार, त्याच्या हातातला तो एक वाकडा रस्ताही जातो. एजंट सरळ दुसऱ्याला घर देईल.

डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे चावी हातात पडायला लंडनला सव्वातीन हजार पौंड लागतील, मँचेस्टरला दोन हजारांच्या जरा वर.

सहा महिन्यांचं भाडं भरून मला जे मिळालं ते एका घराच्या मागच्या बाजूची खोली. नोव्हेंबरात खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले, डिसेंबरात ते कपाटामागे गेले. घरमालक म्हणाला, तुम्ही आत कपडे वाळवता, फोडण्या देता, खिडकी उघडत नाही. शून्य अंशात खिडकी उघडायची आणि हीटर लावायचा, म्हणजे गॅस रस्त्यावर जाळायचा. माझी हिरवी इरकल त्या कपाटात होती. काठाला लागलेली बुरशी अजून गेलेली नाही. घर बघायला जाल तेव्हा कपाट पुढे ओढून मागे बघा. एजंट काय म्हणेल याची लाज धरू नका.

उरतं किती

ती, नवरा आणि मुलगा, एकाच पगारावर तिघं, नवऱ्याला अजून काम नाही, असं धरून मांडते.

लंडन: हातात २,२८०. भाडं १,५००, काउन्सिल टॅक्स १३०, वीज-गॅस ११०, पाणी ४५, वेम्बलीहून मध्य लंडनला जायचा ट्यूबचा (भुयारी रेल्वेचा) पास अडीचशेच्या घरात. उरले अडीचशे.

मँचेस्टर: हातात १,९८०. भाडं ९५०, काउन्सिल टॅक्स १२५, वीज-गॅस ११०, पाणी ४५, बसचा अठ्ठावीस दिवसांचा पास ८०. उरले पावणेसातशेच्या आतबाहेर.

तिघांचं खाणं चारशेत बसवलं तरी लंडनचा हिशेब दीडशेने उणे येतो. ट्यूबऐवजी बसने गेलात तर तेवढे वाचतात, पण रोजचे दीड-दोन तास जातात, आणि बारा तासांच्या शिफ्टनंतर ते कसे जातात ते मी सांगायला नको.

काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या पालिकेचा कर, ही आपल्याकडच्या घरपट्टीसारखी भानगड, फक्त इथे ती भाडेकरू भरतो. घराची किंमत १९९१ साली काय होती यावर ती अजूनही ठरते. वेस्टमिन्स्टरमध्ये, जिथे राजवाडा आहे तिथे, मधल्या गटाच्या घराला वर्षाला हजार पौंडांच्या आसपास. मँचेस्टरला त्याच गटाला दुपटीहून जास्त. श्रीमंत भागात कर कमी का, तर तिथल्या काउन्सिलला पार्किंग, दुकानं, ऑफिसं यांतून पैसा मिळतो आणि मदत मागणारे कमी असतात. गरीब गावात उलट. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं मी वाचण्यात चूक करतेय.

विजेचं म्हणाल तर दोन्हीकडे दर जवळपास सारखे, पण मीटर कुठला ते विचारा. भाड्याच्या स्वस्त घरांत बरेचदा प्रीपेड मीटर असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात चावी घेऊन जायचं, पैसे भरायचे, घरी येऊन ती मीटरला लावायची. २०२२ च्या ऑक्टोबरात महागाई ११.१ टक्क्यांवर गेली होती, एकेचाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. त्या हिवाळ्यात आमच्या दुकानात एक बाई पाच पौंड भरायची, दोन दिवसांनी पुन्हा पाच. तिच्या गळ्यात आमच्यासारखंच एनएचएसचं ओळखपत्र होतं. त्याच वर्षी काही हॉस्पिटलांनी कर्मचाऱ्यांसाठी फूड बँक, म्हणजे फुकट शिधा देणारं केंद्र, उघडली, आणि १५ डिसेंबरला नर्सेसच्या संघटनेने पहिल्यांदा देशव्यापी संप केला. जगातल्या पहिल्या सहा अर्थव्यवस्थांतल्या देशाची ही गोष्ट.

नवरा आणि मूल

ऑफर लेटर पाठवणाऱ्या त्या मुलीचा नवरा साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे. तिच्या व्हिसावर तो इथे काम करू शकतो, पण पहिलं वर्षभर गोदाम किंवा सुपरमार्केट, हे धरून चला. आणि इथे मँचेस्टरचं पारडं खरं जड होतं. कायद्याचं किमान वेतन दोन्हीकडे एकच आहे: मार्च २०२६ पर्यंत तासाला १२.२१ पौंड, एप्रिल २०२६ पासून १२.७१. लंडनसाठी वेगळा सरकारी दर नाहीच. जगण्यापुरता पगार म्हणून एक संस्था दरवर्षी आकडा काढते, तो २०२५-२६ साठी लंडनला १४.८० आणि बाकी देशाला १३.४५ होता, पण तो द्यायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर. तेव्हा तिला लंडनचा भत्ता मिळेल, त्याला मिळणार नाही. त्याचे महिन्याचे सतराशे मँचेस्टरला अख्खं घर चालवतील, लंडनला भाडं देऊन चहापुरते उरतील.

मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणून सुटली. तीनच्या आतला असता तर नर्सरीचं बिल महिन्याला हजाराच्या बरंच पुढे गेलं असतं. इंग्लंडात नोकरी करणाऱ्या आईबापांना आठवड्याला तीस तास नर्सरी फुकट, हे वाचून हुरळू नका. दोघंही व्हिसावर असाल तर ते तुम्हाला नाही. व्हिसाच्या अटीतच असतं की सरकारी मदतीवर तुमचा हक्क नाही: मुलांचा भत्ता नाही, पगाराला हातभार नाही, काउन्सिलचं घर नाही. कर मात्र पहिल्या महिन्यापासून. फूड बँक धर्मादाय असल्याने तिथे जाता येतं, एवढीच काय ती पळवाट. ही अट कायम राहण्याचा परवाना मिळेपर्यंत असते. आजवर त्याला पाच वर्षं लागायची. मे २०२५ मध्ये सरकारने दहाचा प्रस्ताव पुढे केला. म्हणजे आजारपण, नोकरी जाणं, दुसरं मूल, सगळं स्वतःच्या शिलकीवर. म्हणून मी ते अडीचशे आणि पावणेसातशे इतके घासून मांडतेय.

लंडन कुठे पुढे

लंडन म्हणजे नुसतं लुटणारं शहर, असंही नाही. सप्टेंबर २०२३ पासून तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण फुकट आहे, आईबापांचा पगार किंवा व्हिसा न विचारता. इंग्लंडात इतरत्र ते दुसरी इयत्ता संपेपर्यंतच सगळ्यांना मिळतं, म्हणजे तिच्या मुलाचं लवकरच बंद होईल. गंमत अशी की शाळेतल्या जेवणासाठी २०२० मध्ये अख्ख्या देशाला हलवलं ते मँचेस्टरच्या विदेनशॉमधल्या मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने.

मुलं लंडनच्या बसमध्ये फुकट, आमच्याकडे त्यांना एक पौंड. मोठ्यांना २०२५ मध्ये तिथे १.७५, इथे दोन. पण १९८६ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने लंडन सोडून बाकी इंग्लंडच्या बसगाड्या खासगी कंपन्यांना मोकळ्या सोडल्या होत्या. मँचेस्टरने त्या जानेवारी २०२५ मध्ये पूर्णपणे परत ताब्यात घेतल्या, आणि आता निदान शेवटची बस खरंच येते. रेल्वेचं विचारू नका. लंडनहून इकडे येणारी नवी वेगवान लाइन २०२३ मध्ये रद्द झाली. पंतप्रधानांनी ती घोषणा मँचेस्टरमध्येच केली, एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या सभागृहात.

अवघड केसेस बघायला मिळणं, पुढचे कोर्स, जादा शिफ्ट, यात लंडन पुढे. आपली माणसंही तिथे जास्त. महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि स्वतःच्या वास्तूत आहे. गणपतीत रडू येत असेल तर याचा विचार करा, मला येतं.

मँचेस्टर स्वस्त आहे म्हणजे तिथे विषमता कमी, असं मात्र समजू नका. डीन्सगेटला काचेचे मनोरे उभे राहिलेत, आणि तिथून दहा मिनिटांवर लोक पिवळ्या स्टिकरचा, भाव उतरवलेला शिळा ब्रेड मिळावा म्हणून संध्याकाळी सातला सुपरमार्केटात घुटमळतात. लंडनला कॅनरी व्हार्फच्या बँका ज्या टॉवर हॅम्लेट्समध्ये आहेत, तिथेच मुलांमधली गरिबी देशात सर्वांत वाईट म्हणावी अशी. केन्सिंग्टनसारख्या श्रीमंत भागात जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर हा काउन्सिलच्या घरांचा मनोरा जळाला, ७२ माणसं गेली. आमच्याकडे रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं पोर घरातल्या बुरशीने गेलं. त्याच्या नावाचा, बुरशी वेळेत काढायला लावणारा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाला, पण तूर्त सामाजिक घरांपुरताच, म्हणजे काउन्सिल आणि धर्मादाय संस्थांच्या स्वस्त भाड्याच्या घरांपुरता. तुमच्या-माझ्या खासगी घरमालकाला तो अजून लागू नाही.

तिला मी लिहिलं: एकटी येणार असशील आणि हॉस्पिटल स्टाफ क्वार्टर्समध्ये खोली देत असेल, तर दोन वर्षांसाठी लंडन घे, शीक आणि नीघ. तिघं एकदम येणार असाल तर मँचेस्टर, डोळे मिटून. आणि सही करायच्या आधी लंडनवाल्यांना ईमेल कर: खोली मिळेल का, किती महिने, कुटुंबाला चालेल का.

काल उत्तर आलं. खोली मिळेल, तीन महिन्यांसाठी, एका व्यक्तीला.