पिरफेनिडोन की निन्टेडानिब? सुरू करण्याआधी

आयपीएफला (फुफ्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार) ही दोन्ही औषधं चालतात, आणि दोन्ही आजार बरा करत नाहीत, फक्त त्याची वाढ मंदावतात, हे आधीच डोक्यात पक्कं असू दे. पिरफेनिडोन दिवसातून 3 वेळा, खाल्ल्यावर, डोस साधारण 2 आठवड्यांत हळूहळू चढवतात. मळमळ होते आणि उन्हात कातडी लाल होऊन चुरचुरते, म्हणजे सनस्क्रीन, टोपी, फुल बाह्यांचे कपडे आधीच आणून ठेवा, आणि हो, सिगारेट चालू असेल तर औषधाचा असरच कमी होतो. निन्टेडानिब 2 वेळाच, पण जुलाब! निम्म्याहून जास्त लोकांना होतात, त्यामुळे जुलाब थांबवायची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर तेही सांगा. लिव्हर टेस्टमधून सुटका कुठेच नाही. दिवसभर उन्हात काम असेल तर मी तरी आधी निन्टेडानिबबद्दल विचारेन.