सेव्ह करताच अख्खी फाइल साफ, की हात लावला तेवढंच?

ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेस एडिटरनं आपोआप काढाव्या यावर आमच्या टीममधे कोणाचंच दुमत नाही, भांडण आहे ते किती काढाव्या यावर. सेव्ह केलं की अख्खी फाइल, की आपण बदललेल्या ओळीच, की कमिटच्या वेळेस (गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात बदल पक्के करताना) हुकनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टनं पकडायचं, तिन्ही वापरून झालंय म्हणून लिहून राहिलो.

अख्खी फाइल साफ करणं सगळ्यात सोपं. व्हीएस कोडमधे एक सेटिंग चालू करायची (मुळात बंद असते), व्हिममधे एका ओळीची ऑटोकमांड (सेव्ह करताना आपोआप चालणारी आज्ञा), आणि एडिटरकॉन्फिगमधे (प्रोजेक्टसोबत राहणारी एडिटर-सेटिंगची फाइल) टाकलं की पूर्ण टीमला लागू. प्रोजेक्ट नवा असेल तर डोळे मिटून हेच करा.

माझ्या नशिबी मात्र जुना कोड आला. तेव्हा मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधे होतो, मे महिना, एका कंडिशनमधे गडबड होती, तीन ओळी बदलल्या, सेव्ह केलं, पुश केलं आणि खाली चहाला गेलो. कप हातात येत नाही तर सीनियरचा फोन, "का बे, पूर्ण फाइल नव्यानं लिहिली का तू?" वर येऊन पाहतो तर डिफमधे (काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) सहाशेच्या वर ओळी लाल-हिरव्या आणि माझ्या तीन ओळी त्यात कुठं आहेत ते मलाच सापडेना. त्यात बाजूच्या पोराची ब्रँच (कामाची वेगळी शाखा) त्याच फाइलवर उघडी, त्याचं मर्ज, म्हणजे मुख्य कोडात मिसळणं, अडलं, तेही न दिसणाऱ्या स्पेसपायी. बरं हेही निभलं असतं, पण नंतर त्या फाइलमधे काहीही फुटलं की फोन मलाच, कारण ब्लेममधे, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेत, प्रत्येक दुसऱ्या ओळीवर माझं नाव. ब्लेमला डॅश डब्ल्यू दिलं की गिट स्पेसचे बदल सोडून देतो हे मला माहीत आहे, फोन करणाऱ्याला थोडीच माहीत असते.

तेव्हापासून मी बदललेल्या ओळीवाला. जेटब्रेन्सच्या एडिटरमधे मुळातच तसं असतं, इमॅक्सवाल्यांसाठी डब्ल्यूएस-बटलर नावाचं पॅकेज आहे. जुना कचरा तसाच पडून राहतो आणि हायलाइट चालू ठेवलं तर डोळ्यात खुपतो हे खरंच, ज्याला ते सहनच होत नाही त्याला हे जमणार नाही कदाचित. पण डिफ बाकी तीन ओळींचा तीनच ओळींचा राहतो.

हुकचं म्हणाल तर प्री-कमिटवाला हुक स्टेज केलेली (कमिटसाठी निवडलेली) फाइल पूर्णच साफ करतो, वरून कमिट पाडतो, मग परत ॲड करा, घरी जायच्या घाईत डोकं फिरते. त्यापेक्षा गिटचं स्वतःचं डिफ डॅश डॅश चेक बरं, ते आपण नव्यानं घातलेल्या स्पेसच दाखवते आणि फाइलला हात लावत नाही. ते मी ठेवलंय.

कोणताही मार्ग घ्या, मार्कडाउन वगळा, तिथं शेवटच्या दोन स्पेस म्हणजे ओळ तोडणं असते, एकदा रीडमीमधला पूर्ण पत्ता एका ओळीत आला होता आमच्या.

आणि जुना प्रोजेक्ट एकदाचा धुवायचाच असेल तर वेगळं कमिट करा, त्याचा हॅश (ओळखक्रमांक) इग्नोर-रेव्ह्स फाइलमधे (ब्लेमनं वगळायच्या कमिटची यादी) टाका, गिट २.२३ पासून (२०१९) ती फाइल दिली की ब्लेम ते कमिट सोडून पुढं बघतो. फक्त ते कमिट कोणाच्या नावानं करायचं ते तुमचं तुम्ही पाहा भाऊ, मी नाही करत.