आधी कॉलर माइक घ्या, लेन्स नंतर
स्टुडंट फिल्मसाठी हा वायरवाला कॉलर माइक घेतला, चार शूट झालेत, मनापासून सांगतो घ्याच. पहिल्या फिल्मला आम्ही कॅमेऱ्याच्याच माइकवर डायलॉग घेतले, ॲक्टर दहा फूट लांब, वर पंखा चालू, एडिटला बसलो तर अर्धे संवाद कळेनातच, सगळं परत डब केलं आणि तो जिवंतपणा गेला तो गेलाच. आता आवाज स्वच्छ येतो. कपड्याला घासला की खरखर होते, टेपने नीट चिकटवा, रेकॉर्डरच्या मीटरवर पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, -12 डीबीच्या आसपास ठेवा, आणि प्रत्येक लोकेशनला 30 सेकंद सगळ्यांना गप्प करून तिथली नुसती शांतता रेकॉर्ड कराच, कट जोडताना लागते. वायर मात्र आखूड आहे, रेकॉर्डर ॲक्टरच्या खिशातच ठेवावा लागतो.