कमोड रेझर (४ इंची, हँडलवाला) : आईच्या हिप रिप्लेसमेंटनंतर रोज वापरलेला, खरा रिव्ह्यू

आईचं उजवं हिप मिरजेला बदललं. डिस्चार्जच्या वेळी फिजिओच्या मॅडमनी सामानाची जी चिठ्ठी दिली त्यात वॉकर, काठी, दोन पायांच्या मधे ठेवायची जाड उशी असं सगळं होतं, पण सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून, लिहिलं होतं कमोड रेझर. आमच्याकडे वॉकर सगळ्यांना माहीत, रेझर म्हटल्यावर भाऊ दाढीचं काहीतरी समजला. तर रेझर म्हणजे आपल्या नेहमीच्या वेस्टर्न कमोडवर बसवायची प्लास्टिकची उंच बैठक, २, ४ आणि ६ इंची अशी मिळते, हँडलची आणि बिनहँडलची. आम्ही ४ इंची हँडलवाली घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण बाजारात बघाल तर एकाच साच्यातून काढल्यासारखा माल वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते लिहिते.

आधी हे कशाला लागतं ते. आईचं ऑपरेशन मागच्या बाजूने केलेलं. त्यात सांध्यामागचं आवरण आणि तिथले छोटे स्नायू उघडतात आणि परत शिवतात, ते जुळून येईपर्यंत पाय कमरेत ९० अंशापेक्षा जास्त दुमडला आणि त्यात परत आतल्या बाजूला वळला तर नवीन सांध्याचा बॉल (मांडीच्या हाडाच्या टोकाला बसवलेला गोळा) कमरेतल्या वाटीतून मागे निसटू शकतो. म्हणून खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या जागेवर बसायचं नाही, साधारण सहा आठवडे ते तीन महिने, नक्की किती ते तुमचे सर्जन सांगतील. आता घरातली सगळ्यात बुटकी जागा कुठली, जिथे रोज बसावंच लागतं? सोफा टाळता येतो, पाट टाळता येतो, देवघरासमोर खुर्ची टाकता येते, संडास कसा टाळणार.

पण सगळ्यांनाच हे लागतं असं नाही हां. पुढच्या बाजूने केलेल्या ऑपरेशनचे नियम वेगळे असतात, त्यात बरेच डॉक्टर ही उंचीची भानगड ठेवत नाहीत. शिवाय हल्ली बॉल मोठे बसवतात, ३२ नाहीतर ३६ मिलिमीटरचे, चार्न्ली या इंग्लंडच्या सर्जननी १९६२ मधे जे ऑपरेशन बसवलं त्यात बॉल जेमतेम २२ मिलिमीटरचा होता, त्यामुळे निसटायचं प्रमाण कमी झालंय आणि काही सर्जन मागून केलेल्यालाही नियम सैल ठेवतात. म्हणजे डिस्चार्जच्या आधी सरळ विचारा, आमच्या पेशंटला रेझर लागेल का आणि किती दिवस, मगच पैसे घाला.

उंचीचं बघा. दुकानदार काका म्हणाले ६ इंची न्या, जेवढं उंच तेवढं चांगलं, सगळे तीच नेतात. आई माझी पाच फुटाला कमी. मॅडमनी सांगून ठेवलेलं की पेशंटला खुर्चीत बसवून, घरातली चप्पल घालून, गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा, बैठक त्याच्या दोन-तीन इंच वर यायला हवी, म्हणजे बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा वर राहते. आमचा कमोड जमिनीपासून साडेपंधरा इंच, वर ४ टाकले की आईचं गणित बरोबर बसलं. ६ इंचीवर तिचे पाय लोंबकळले असते, आणि पाय टेकले नाहीत की माणूस पुढे घसरतो, ते तर आणखी वाईट. उंच माणूस असेल तर ६ घ्या की, पण टेप लावून घ्या.

बसवायचं काम सोपं आहे. कमोडचं स्वतःचं सीट आणि झाकण मागे उचलून ठेवायचं, हे सरळ सिरॅमिकच्या कडेवर बसतं, पुढे एक मोठा नॉब आहे तो फिरवला की आतली क्लॅम्प कडेला आवळते. प्लंबर लागत नाही. बसवल्यावर दोन्ही हातांनी डावीउजवीकडे जोरात हलवून बघायचं, हललं तर पेशंटला बसवायचं नाही. आमचा नॉब रोजच्या वापराने हळूहळू सैल व्हायचा, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा जो कोणी आत जाईल त्याने आवळून यायचं असा नियमच केला घरात. विकत घेताना अजून एक, तुमच्या कमोडचा आकार बघा. आमचा लांबट अंडाकृती होता म्हणून नीट बसला. ज्यांच्याकडे जुना अँग्लो-इंडियन कमोड आहे, वर पाय ठेवायला पसरट कडा असते तो, त्याला ही क्लॅम्प धरतच नाही, त्यांनी हे घेऊच नये.

आता खरी तक्रार, आणि ही कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. ही वस्तू मुळात कागद वापरणाऱ्या लोकांसाठी केलेली आहे. आपण पाणी वापरतो. रेझरमुळे माणूस चार इंच वर गेला, मधे प्लास्टिकची भिंत आली, हात घालायला जागा कमी, आणि जेट स्प्रे मारला की पाणी प्लास्टिकवर आपटून रेझर आणि सिरॅमिकच्या मधल्या फटीतून बाहेर, सरळ फरशीवर. नवीन हिपवाल्या माणसाच्या वॉकरखाली ओली फरशी म्हणजे काय ते सांगायला नको. पहिले काही दिवस आईपेक्षा आम्हीच जास्त घाबरलेलो. मग अँगल कॉक (जेटच्या पाइपचा भिंतीतला छोटा नळ) पाऊण बंद करून प्रेशर कमी केलं, जेटच्या जागी हलक्या धारेची लांब पाइपची तोटी लावली, आणि बाहेर रबरी मॅट, ती पण खाली सक्शनवाली, साधी पायपुसणी नाही, पायपुसणीत वॉकर अडकतो. पुढच्या बाजूला खाच असलेला मॉडेल मिळाला तर तोच घ्या, धुवायला खूप फरक पडतो. आमच्याला खाच होती पण पुढचा नॉब नेमका तिथेच, डिझाइन करणाऱ्याने एकदा तरी वापरून बघायला पाहिजे होतं.

आणि धुताना वाकायचं नाही, वळायचं नाही. फ्लश पाठीमागे असतो, बसल्या बसल्या मागे वळून बटण दाबायची सवय सगळ्यांनाच, तेच करायचं नसतं. उठायचं, वॉकर धरून छोटी छोटी पावलं टाकत पूर्ण फिरायचं, मग फ्लश, नाहीतर सरळ दुसऱ्या कोणीतरी नंतर करायचा. आईला हे दुसऱ्याने फ्लश करायचं अजिबात पटायचं नाही. "एवढं पण तुम्ही करणार का आता माझं?" म्हणून रागवायची. शेवटी फ्लशच्या बटणाला पोचेल अशी एक लाकडी काठी भिंतीला टेकवून ठेवली, उभी राहून काठीने दाबायची. चाललं.

हँडलचं मात्र शंभर टक्के कौतुक. बसताना मागे मागे जात दोन्ही पायांना मागून बैठक लागली की थांबायचं, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे सरकवायचा, हात मागे नेऊन हँडल धरायचे आणि हळू टेकायचं, उठताना पण हँडलवरच जोर, वॉकर ओढून उठायचं नाही कारण तो अंगावर येतो. दोन्ही हँडलवर सारखा जोर द्यायचा, एकावरच भार टाकला की बैठक तिरकी होते, आमच्या वहिनीने बसून बघितलं तेव्हा लगेच कळलं. खोक्यावर किती किलोपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, पेशंटचं वजन जास्त असेल तर ते आधी वाचा. या हँडलमुळे घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात आई मला म्हणाली, "तू आता बाहेर थांब, दार लोटून घे, मला जमतंय." कडी लावू दिली नाही आम्ही, पण दार लोटलं. औषधांनी दुखणं कमी झालं त्यापेक्षा या एका गोष्टीने तिचा मूड सुधारला, हे माझं मत.

पोट साफ होण्याचा मुद्दा कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. दुखण्याच्या काही स्ट्राँग गोळ्यांनी पोट बांधलं जातं, चालणं कमी झालेलं असतं, आणि उंच बैठकीवर आपल्याला सवय असलेला तो उकिडवा कोन मिळत नाही. त्यात शेजारच्या काकू सांगून गेल्या की पायाखाली पाट ठेवा, जोर येतो. नका ठेवू. पाट ठेवला की गुडघे वर येतात आणि परत तोच ९० अंशाचा प्रश्न, मग रेझर आणून उपयोग काय? डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल, भरपूर पाणी, आणि चालणं वाढलं तसं ते मार्गी लागलं.

साफसफाईत हे जरा कटकटीचं आहे. खालच्या बाजूला घाण बसते, वरून दिसत नाही. दर दोन-तीन दिवसांनी काढून धुवायलाच पाहिजे, आणि सांगलीचं पाणी क्षाराचं, पांढरे डाग पडतात. ॲसिड वापरू नका, साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. पॅडवाला, गुबगुबीत बैठकीचा पण मिळतो, शे-दोनशे जास्त देऊन. तो बघूनच नको वाटला, पाणी धरणार, वास मारणार. आणि घरात एकच संडास असेल तर बाकीच्यांचे हाल ठरलेले, आमचा भाचा सहा वर्षांचा, त्याच्यासाठी दर वेळी काढा आणि लावा, क्लॅम्प सैल व्हायचं ते पण एक कारण असणार.

कमोड खुर्चीचा पर्याय पण बघितला होता. बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं, कुठल्यातरी ट्रस्टचं नाहीतर मंडळाचं, डिपॉझिट भरून नाममात्र भाड्याने वॉकर, खुर्ची, बेड सगळं मिळतं, वॉकर आम्ही तिथूनच आणला आणि नवीन घ्यायचे पैसे वाचले. (वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजलेले होते तेवढे मेडिकलमधून नवीन घातले, हे बघाच.) कमोड खुर्चीचे पाय कमीजास्त करता येतात, खालचं भांडं काढून ती कमोडवर सरकवता येते, आणि घरात फक्त भारतीय संडास असेल तर तुम्हाला हीच लागणार, रेझर बसणारच नाही. चाकं असतील तर ब्रेक चालतात का ते केंद्रातच तपासा. आईला मात्र भांडं, खोलीत खुर्ची, या कल्पनेनेच शिसारी आली, आणि आमची बाथरूम अरुंद, खुर्ची आणि वॉकर दोन्ही आत मावत नव्हते.

आमच्या सर्जननी तपासणीनंतर मोकळीक दिली तशी बैठक काढली. तरी आई अजून बुटक्या स्टुलावर बसत नाही, आंघोळीला उंच प्लास्टिकची खुर्ची आणि बादली स्टुलावर ठेवलेली, हे तिने स्वतःच चालू ठेवलंय.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक स्टार पाणी बाहेर येतं म्हणून कापला, अर्धा त्या नॉबच्या जागेसाठी. बिनहँडलचा स्वस्त पडतो पण तो घेणार असाल तर भिंतीला दोन्ही बाजूंना पक्के बार ठोकून घ्या, टॉवेलच्या रॉडवर भरवसा नको, तो दोन स्क्रूवर असतो.