दाराला लावायचं मानेचं ट्रॅक्शन किट: गणपतीपासून होळीपर्यंतचा अनुभव

पाण्याच्या पिशवीचं झाकण तुटलं आणि विकणाऱ्या कंपनीने डोकं फिरवलं, म्हणून लिहायला बसले. नाहीतर तीन तारे देऊन विसरूनही गेले असते.

ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून मान वरच्या बाजूला ओढणं. किट कसं असतं ते बहुतेकांना माहीत आहे. दारावर अडकवायचा लोखंडी आकडा, पुल्या, दोरी, हनुवटीखालून आणि डोक्यामागून जाणारा पट्टा, आणि वजनासाठी पाणी भरायची प्लॅस्टिकची पिशवी. मला साडेसातशेला पडलं. क्लिनिकमध्ये एका वेळेच्या ट्रॅक्शनचे चारशे घेतात, म्हणजे दोनदा घरी केलं की पैसे वसूल. हिशोब सरळ होता.

दुखणंही सांगते. एमआरआयमध्ये सी५-सी६ ची, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली, गादी बाहेर आलेली, उजव्या बाजूची नस दबलेली. खांदा कायम भरून आलेला, अंगठ्यापर्यंत मुंग्या. शिवाय कॉलेजपासूनची अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, जी गेल्या वर्षी फारच वाढली. आमच्या घरात हिला पित्तच म्हणतात. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणजे पित्तच, यावर सासूबाईंचं ठाम मत आहे आणि मोरावळ्याची बरणी माझ्या टेबलावर असते. किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘मायग्रेनपासून सुटका’ छापलेलं होतं. साडेसातशेत हात आणि डोकं दोन्ही सुटणार म्हटल्यावर कोण सोडेल?

आता पिशवी. फिजिओ ताईंनी सांगितलं होतं की तीन-चार किलोपासून सुरुवात करा, दुखलं तर थांबा, आणि मला विचारल्याशिवाय वाढवू नका. पिशवीवर खुणा पौंडात. ठीक आहे, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि पाणी लिटरला किलो, एवढं गणित येतं. मापाच्या भांड्याने मोजून साडेचार लिटर पाणी ओतलं, तर पातळी बाराच्या खुणेच्याही वर. दिरांकडून बॅगा तोलायचा डिजिटल काटा आणला (रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर विश्वास ठेवण्याइतकी मी भोळी नाही) आणि तोलून पाहिलं. माझं माप बरोबर, छापलेली खूण चूक. प्लॅस्टिक ताणलं जातं, पिशवी खाली फुगते, मग सरळ रेघांच्या खुणांना अर्थ काय राहणार? म्हणजे जो माणूस खुणेवर विसंबून दहा पौंड लावतो, त्याच्या मानेला प्रत्यक्षात कमीच ओढ मिळते. त्यातून पुल्यांच्या घर्षणात आणखी थोडं जातं. बसून ट्रॅक्शन घेताना आपलं डोकंच साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, त्यामुळे कमी वजनात नुसता डोक्याचा भार हलका होतो, पुढे काही नाही. हे कळल्यावर ‘मला काहीच फरक पडला नाही’ लिहिणाऱ्यांचं कोडं थोडं उलगडलं.

झाकण पहिल्यापासून गळायचं. बोहरी आळीत पाच रुपयांचा रबरी वॉशर मिळाला, तो महिनाभर टिकला. मग आटेच झिजले आणि झाकण मधोमध चिरलं. कंपनीला फोन केला, तर म्हणे व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणे बदलून घ्यायची मुदत संपली. मी म्हटलं, बदलून नकोच आहे, झाकण विकत द्या. तर सुटं झाकण मिळत नाही, सुटी पिशवीही मिळत नाही, नवीन किट घ्या, दहा टक्के सूट देतो! झाकणासाठी पावणेसातशे रुपये. या संभाषणानंतर ज्या डोकेदुखीने झोपले, तिचं कारण सांगायला एमआरआय नको.

यातूनच एक सुखद शोध लागला. मिठाच्या एक किलोच्या पुड्या! जाड कापडी पिशवीत हव्या तेवढ्या ठेवायच्या आणि पिशवीचे बंद दोरीच्या टोकाला घट्ट बांधायचे. वजन अचूक, वाढवायचं तर एक पुडी टाका. गळत नाही, फरशी ओली होत नाही, आणि मीठ घरात लागतंच. ही युक्ती कंपनीला विकावी असं नवरा म्हणतो. मी म्हटलं, आधी झाकण दे म्हणावं.

वापरायच्या बाबतीत दोन गोष्टी. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे मान किंचित पुढे झुकलेली राहते आणि नस बाहेर पडते ती जागा मोकळी होते. खोक्यावरच्या चित्रातला माणूस पाठ दाराला लावून हसतोय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आणि उठताना आधी हाताने दोरी धरून वजन उतरवायचं. दाराला आतून कडी लावा, आमच्याकडे कामवाल्या मावशींनी दार ढकललं होतं तेव्हाचा झटका अजून आठवतो.

इथवरचं दिवाळीनंतर लिहून ठेवलं होतं आणि खाली चार तारे दिले होते, हाताला आणि डोक्याला मिळून. आता ते फोडून द्यावे लागतील.

हाताच्या मुंग्या संक्रांतीपर्यंत जवळजवळ गेल्या. श्रेय किटला किती, हा प्रश्न आहेच. दबलेली मानेची नस बऱ्याच लोकांत काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय शांत होते, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ट्रॅक्शननंतर तासभर हात हलका वाटायचा हे खरं, म्हणून हाताचे चार तारे कायम.

डोक्याचं मात्र वेगळं निघालं. मी दुखण्याचे दिवस कालनिर्णयच्या चौकटीत गोल करून ठेवते. दुधाच्या फुल्यांशेजारचे हे गोल कार्तिकातही तितकेच, पौषातही तितकेच. उलट ट्रॅक्शनच्या संध्याकाळी कानशिलात ठणका सुरू व्हायचा. कारण तो हनुवटीचा पट्टा. सगळी ओढ जबड्यावर यायची, दात एकमेकांवर घट्ट बसायचे, आणि तासाभरात उजवा डोळा. फिजिओ ताईंनी पट्टा पुन्हा बांधून दिला. ओढ डोक्यामागच्या हाडावर यायला हवी, हनुवटीने फक्त आधार द्यायचा. खाली नॅपकिनची घडी घातली. ठणका थांबला, पण अर्धशिशी होती तिथेच.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते खोक्यावर छापायला हवं. मानेतून नसांच्या आठ जोड्या निघतात. माझी दबलेली सहावी, ती अंगठ्याकडे जाते, डोक्याकडे नाही. डोक्याशी संबंध वरच्या तिघींचा. त्यांचे संदेश आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून वरच्या मानेचं दुखणं कपाळात, डोळ्यामागे जाणवू शकतं. खालची नस दबली की खांदा-मान आखडून ठेवायची सवय लागते, ते स्नायू ताठरतात, आणि आधीच मायग्रेन असलेल्या माणसाला तेवढं निमित्त पुरतं. आणखी एक, ज्याने मी गप्पच झाले. अॅटॅकच्या आधी मान अवघडते, जांभया येतात, ती बऱ्याच जणांत मायग्रेनची सुरुवातच असते. मी मात्र दर वेळी ‘मान धरली म्हणून डोकं चढलं’ असा क्रम लावून मानेलाच ओढत होते.

मग त्यांनी विचारलं, गोळ्या महिन्यातून किती दिवस? माझ्या कॅलेंडरवर गोळ्यांची नोंदच नव्हती. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, ट्रिप्टन (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. आता गोळीच्या दिवशी त्रिकोण काढते. अर्धशिशी मुळात कमी वेळा यावी म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन या औषधाचा छोटा डोस सुरू झाला. तोंड कोरडं पडतं, सकाळी उठणं जिवावर येतं, पण काही आठवड्यांत गोल विरळ झाले. माघ महिन्याचं पान बघून सासूबाईंनीही मान डोलावली, अर्थात मोरावळ्याच्या बाजूने.

तेव्हा नवे तारे: हाताला चार, डोक्याला एक, तोही पट्टा नीट बांधल्यावर ठणका थांबला म्हणून. पिशवीला शून्य. गळ्यातली कॉलर, खळग्याची उशी, सगळं घेऊन झालंय. उशी बरी आहे, कॉलर पडून आहे. स्कूटरवरून खड्डे खात ऑफिसला जाणं सोडून बसने जायला लागले, त्याचा उपयोग या दोन्हींपेक्षा जास्त झाला असावा. त्याला पैसेही कमीच लागले.

संधिवात, ठिसूळ हाडं असतील, हातातल्या वस्तू निसटत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर या किटला हातही लावू नका, थेट डॉक्टरकडे जा. एका क्षणात भयंकर डोकं फुटल्यासारखं दुखलं तर तेव्हाही.

बाकीच्यांनी फिजिओने सांगितलं तरच घ्या, आणि दुकानात जाऊन घ्या. पट्टा तिथेच लावून बघा, दोन माप येतात आणि ऑनलाइन नेहमी मोठंच पाठवतात. दात एकमेकांना टेकत असतील तर लहान मागा.