क्लेचा ‘सेनेसिओ’ आला, पण मान कापून (5 पैकी 2 स्टार)

जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीसाठी चित्रकार पाउल क्लेच्या ‘सेनेसिओ’ या चित्राची प्रिंट ऑनलाइन मागवली. दीड फूट बाय दीड फूट, फ्रेमसकट 1,850 रुपये. पॅकिंग झकास, कोपरे शाबूत. कौतुक इथेच संपतं.

मूळ चित्र 1922चं, स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या कुन्स्टम्युझियम या कलासंग्रहालयातलं, जेमतेम 40 सेंटिमीटर उंचीचं. गोल गरगरीत चेहरा, आजीच्या गोधडीसारखा तुकड्यातुकड्यांचा: नारिंगी, गुलाबी, पिवळा, मळकट पांढरा. बुबुळं लाल. एका डोळ्यावर त्रिकोणी भुवई, दुसऱ्यावर नुसती कमान. एक भुवई ‘काय सांगता!’ म्हणते, तर दुसरीला सगळं आधीच ठाऊक असतं.

खरी मेख नावात आहे. सेनेसिओ हे वनस्पतींच्या एका गटाचं लॅटिन नाव, ‘म्हातारा’ या शब्दावरून पडलेलं, कारण फूल सरलं की तिथे पांढरा कापूस धरतो. रुईच्या बोंडातून उडणाऱ्या तशाच कापसाला आपणही ‘म्हातारी’ म्हणतो की! चित्राचं जर्मन नाव ‘बाल्डग्राइस’, म्हणजे लवकरच म्हातारा होणारा. हे रंगवताना क्ले होता 42 वर्षांचा. (माझं वय विचारू नका.) म्हणून मला तो नारिंगी रंग भर दुपारचा वाटत नाही, उन्हं उतरतानाचा वाटतो. आणि मळकट पांढरे तुकडे म्हणजे कानशिलावरचे पहिले पिकलेले केस.

प्रिंटमध्ये नेमका तोच मळकटपणा धुऊन टाकलाय. पांढरा ट्यूबलाइटसारखा, नारिंगी थेट भगवा. क्लेने पुठ्ठ्यावर जाळीदार कापड चिकटवून त्यावर रंगवलं होतं. इथे गुळगुळीत चकचकीत कागद. मूळ चित्र रुंदीपेक्षा किंचित उंच आहे. विक्रेत्याने चौरसात बसवायला खालून कात्री लावली, त्यामुळे मान गायब आणि डोकं फळीवर ठेवलेल्या भोपळ्यासारखं.

तक्रार केली, तर ‘स्क्रीननुसार रंगात फरक पडू शकतो’ असं छापील उत्तर आलं. अहो, मानही स्क्रीननुसार जाते का?

शेवटी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडून 400 रुपयांत मॅट काच बसवून घेतली. आता संध्याकाळी त्याच्या डोळ्यात आमची ट्यूबलाइट दिसत नाही. मान मात्र गेली ती गेलीच.